जुन्या मोटारगाडीच्या पुढील सस्पेन्शनची झीज : निदान आणि दुरुस्ती
(वसई तालुक्यातील नंदाखाल परिसराच्या संदर्भात)

सारांश

जुन्या मोटारगाडीच्या पुढील भागातून आवाज येऊ लागला की ‘शॉकअप गेले’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. प्रत्यक्षात पुढील सस्पेन्शन ही अनेक सांध्यांची साखळी असून त्यातील कोणता दुवा झिजला आहे हे क्रमाने तपासल्याशिवाय सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० या दोन परिचित गाड्यांच्या रचनेच्या आधारे झिजेची कारणे, निदानाची पद्धत, सुटे भाग बदलताना घ्यावयाची काळजी आणि दुरुस्तीची मर्यादा यांचे विवेचन केले आहे. किनारपट्टीवरील खारे हवामान आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी यांचा विचार करताना नंदाखाल परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

बीजशब्द : सस्पेन्शन, शॉकअप, बॉल जॉइंट, किंग पिन, बुश, गंज, चाकांचे अलाइनमेंट.

प्रस्तावना

नंदाखाल हे पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील गाव. आगाशी, बोळिंज, राजोडी, उमराळे ही त्याच्या आसपासची गावे. समुद्र जवळ, हवा दमट व खारी, वाड्यांमधून जाणारे रस्ते अरुंद आणि वळणांचे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि या काळात परिसराचे नागरीकरण वेगाने झाले. वाहने वाढली, रस्ते वारंवार खोदले गेले, ठिकठिकाणी गतिरोधक आले. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता व रेल्वेवाहतूकही ठप्प झाली होती. अशा परिस्थितीत पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीच्या कोणत्या भागाला सर्वाधिक यातना होत असतील, तर तो पुढच्या चाकांना गाडीशी जोडणारा भाग होय.

परिभाषेत सस्पेन्शनला ‘निलंबन’ असा प्रतिशब्द सुचविला जातो. मात्र मराठी वाचकाला, विशेषतः शिक्षणक्षेत्रातील वाचकाला, ‘निलंबन’ या शब्दाने नोकरीतील कारवाईच आठवते. गॅरेजमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात सस्पेन्शन, शॉकअप, बुश, आर्म हे रुळलेले शब्दच योजले आहेत.

या विषयाचे महत्त्व केवळ प्रवासातील सुखाशी निगडित नाही. शॉकअप निकामी झाल्यास ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर वाढते. बॉल जॉइंटचा गोळा खोबणीतून निसटल्यास चाक जागच्या जागी कोलमडते आणि सुकाणू निरुपयोगी होते. ही घटना गल्लीत घडली तर नुकसान मडगार्डपुरते राहील. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर घडली तर जिवावर बेतेल. दुसरीकडे, चुकीच्या निदानामुळे चांगले भाग फेकले जातात, दोष तसाच राहतो आणि मालकाचा खर्च वाया जातो. म्हणून निदानाची शिस्त समजून घेणे आवश्यक ठरते.

दोन पिढ्यांच्या दोन रचना

महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांचा विचार प्रीमियर पद्मिनीवाचून पुरा होत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होत. फियाट ११०० या मालिकेतील गाडीलाच सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांना ठाऊक झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. खासगी मालकीच्या काही पद्मिनी मात्र हौसेने जपलेल्या आढळतात.

पद्मिनीच्या पुढील चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. पक्ष्याच्या छातीतील दुबेळक्या हाडासारख्या आकारावरून त्यांना ‘विशबोन’ म्हणतात. या दोन आर्मच्या मध्ये उभा भाग असतो आणि चाक ज्या खिळीभोवती डावीउजवीकडे वळते ती किंग पिन होय. किंग पिनला ठरावीक अंतराने ग्रीस द्यावे लागते. ग्रीस मिळाले नाही की धातूवर धातू घासून झीज सुरू होते.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ची रचना निराळी आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘स्ट्रट’ तीत वापरला आहे. येथे वरचा आर्म नाही. शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब होतो. तो वर बॉडीला रबरी माउंटिंगने आणि खाली चाकाच्या नकलला बोल्टने जोडलेला असतो. नकलचे खालचे टोक बॉल जॉइंटद्वारे लोअर आर्मला जोडलेले असते. भाग कमी, जागा कमी व खर्च कमी, यांमुळे छोट्या गाड्यांत हीच रचना सार्वत्रिक झाली. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी निदानाची जी पद्धत तिला लागू पडते तीच थोड्याफार फरकाने आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना लागू पडते.

या दोन रचनांत वजन कोणत्या मार्गाने जमिनीपर्यंत पोहोचते हा फरक निदानाच्या दृष्टीने कळीचा आहे. स्ट्रटच्या रचनेत गाडीचे वजन वरच्या माउंटिंगमधून स्प्रिंग, स्ट्रट, नकल व चाक असे उतरते. खालच्या बॉल जॉइंटवर उभे वजन येत नाही, तर फक्त आडवे व पुढे-मागे ओढणारे बळ येते. याउलट, जेथे स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते अशा दुहेरी विशबोन रचनेत वजन खालच्या आर्ममधूनच चाकाकडे जाते. त्यामुळे खालचा सांधा सतत भाराखाली असतो.

स्प्रिंग आणि शॉकअप : कार्याची विभागणी

‘शॉकअप धक्के झेलतो’ हा समज अर्धवट आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. स्प्रिंग दाबली गेली की तीत ऊर्जा साठते आणि ती ऊर्जा परत देताना गाडी वरखाली झुलू लागते. हे झुलणे थांबविणे हे शॉकअपचे काम. त्यातील तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते.

गाडीची बॉडी स्प्रिंगवर साधारणपणे सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. चाकाची स्वतःची वरखाली थरथर मात्र कितीतरी जलद, सेकंदाला दहा ते पंधरा वेळा असते. शॉकअपला ही दोन्ही स्पंदने आटोक्यात ठेवावी लागतात. तो थकला की बॉडी झुलते हे प्रवाशाला कळते. चाक रस्त्यावरून क्षणोक्षणी उचलले जाते हे मात्र कळत नाही, आणि धोका त्यातच असतो. जमिनीला न टेकलेले चाक ना वळू शकते, ना ब्रेकला दाद देते.

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरेल. मारुती ८०० च्या बारा इंची चाकाचा टायरसह घेर सुमारे १.६ मीटर भरतो. चाकाची स्वाभाविक थरथर सेकंदाला १२ वेळा मानली, तर चाकाचे फेरेही सेकंदाला १२ होतील तेव्हा गाडीचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर असतो. चाकाच्या तोलातील किरकोळ दोष नेमका याच वेगाच्या आसपास मोठा होऊन स्टिअरिंग का थरथरते, याचे उत्तर या अनुस्पंदनात आहे. वेग कमी किंवा अधिक केला की थरथर कमी होते. तेव्हा विशिष्ट वेगालाच येणाऱ्या थरथरीसाठी प्रथम चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. त्यासाठी लगेच सस्पेन्शन उघडू नये.

झिजेची कारणे आणि किनारपट्टीचे हवामान

सर्वसाधारण झीज तीन प्रकारची असते. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, किंग पिन यांसारख्या धातूच्या सांध्यांत घर्षणाने ‘प्ले’ येतो. बुश व माउंटिंग यांतील रबर वयोमानाने कडक होऊन तडकते किंवा धातूपासून सुटते. शॉकअपमधील सील झिजून तेल गळते किंवा आतल्या झडपा निकामी होतात.

किनारपट्टीवर यात गंजाची भर पडते. खाऱ्या हवेतील क्लोराइड ओलाव्यात मिसळले की पोलादावरील पाण्याचा थर अधिक विद्युत्‌वाहक होतो आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. बॉल जॉइंटवरील रबरी टोपी एकदा फाटली की पावसाळ्यातील चिखलपाणी आत शिरते. ग्रीस धुऊन जाते आणि बारीक वाळू घासणाऱ्या कानशीसारखे काम करते. टोपी शाबूत असलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो, फाटलेला सांधा लवकर जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वी या टोप्या पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय होय.

स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा ज्या वाटीत बसतो तेथे माती व पाणी साचून राहते. रंगाचा पापुद्रा निघतो, पोलादावर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्ड्याशी ताण एकवटतो. लाखो वेळा पीळ बसणारी स्प्रिंग शेवटी अशाच एखाद्या खड्ड्यापासून तुटते. पुष्कळदा तुटलेला तुकडा वाटीतच राहतो आणि मालकाला फक्त ‘एका बाजूने गाडी बसली आहे’ एवढेच जाणवते. तुंबलेल्या पाण्यातून गाडी न्यावी लागली असेल, विशेषतः खाडीचे पाणी मिसळलेले असेल, तर नंतर खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घेणे अगत्याचे आहे.

निदानाची पद्धत

निदानाचे मुख्य सूत्र असे सांगता येईल : आवाज हे लक्षण आहे, प्ले हा पुरावा आहे. लक्षणावरून शंका घ्यावी, पण पुराव्याशिवाय भाग बदलू नये.

१. आवाज व वर्तन. लहान खड्ड्यांवर सावकाश जाताना येणारी टकटक बहुधा अँटी-रोल बारचे बुश, लिंक रॉड किंवा स्ट्रटचे वरचे माउंटिंग यांकडे बोट दाखविते. मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ असा जड आवाज आल्यास लोअर आर्मचे बुश किंवा थकलेला शॉकअप यांची शंका घ्यावी. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरविले आणि स्प्रिंग तटकन सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या वरचे बेअरिंग अडकत असते. पूर्ण वळण घेऊन चालताना येणारी कटकट मात्र ॲक्सलच्या जॉइंटची आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते. हे दोन्ही दोष सस्पेन्शनचे नव्हेत, हे विसरता कामा नये.

२. टायरचे वाचन. टायर ही गाडीची नोंदवही आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर हवा जास्त. एकच कड सरसकट झिजली तर चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बिघडलेला असतो. हात आडवा फिरविल्यावर एका दिशेने गुळगुळीत व दुसऱ्या दिशेने खरखरीत लागले तर टो चुकलेला असतो. टायरवर थोड्याथोड्या अंतराने खोलगट चट्टे दिसले तर शॉकअप किंवा चाकाचा तोल यांची शंका रास्त ठरते.

३. उंची मोजणे. सपाट फरशीवर टायरमध्ये योग्य हवा भरून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. लक्षणीय फरक आढळल्यास स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. उंचीचा दोष शॉकअप बदलून जात नाही.

४. दाबून पाहणे. गाडीचा कोपरा दाबून सोडल्यास ती वर येऊन जवळपास एका झोक्यात स्थिर व्हावी. झुलत राहिली तर शॉकअप नक्कीच गेला. मात्र याचा व्यत्यास खरा नाही. हाताने दिलेली हालचाल संथ असते आणि रस्त्यावरील हालचाल जलद. त्यामुळे या चाचणीत उत्तीर्ण झालेला शॉकअप रस्त्यावर अनुत्तीर्ण ठरू शकतो. शॉकअपवर तेलाचा पातळ ओशटपणा असणे क्षम्य आहे, पण ओघळ दिसल्यास तो बदलावा.

५. चाक उचलून हलविणे. ही सर्वांत निर्णायक चाचणी होय. मागच्या चाकांना ओट लावून गाडी जॅकने उचलावी आणि घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. मग चाक घड्याळाच्या नऊ व तीनच्या जागी धरून हलवावे. येथे प्ले असल्यास टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा रॅक संशयित ठरतो. त्यानंतर बारा व सहाच्या जागी धरून हलवावे. येथे प्ले आढळल्यास दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंटचा अथवा किंग पिनचा. ही एकच कृती दोन भिन्न दुरुस्त्यांमधील संभ्रम दूर करते.

वर सांगितलेला वजनाच्या मार्गाचा फरक येथे उपयोगी पडतो. स्ट्रटच्या गाडीत चाक लोंबकळत ठेवून, आर्म व नकल यांच्यामध्ये पहार घालून हलक्या हाताने उचकटल्यास बॉल जॉइंटचा प्ले दिसतो. खालच्या आर्मवर स्प्रिंग असलेल्या गाडीत मात्र चासीखाली जॅक लावल्यास स्प्रिंग आर्मला खाली रेटून धरते आणि सांधा ताणलेलाच राहतो. परिणामी झिजलेला सांधाही घट्ट भासतो. तेथे जॅक आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावला पाहिजे, तरच सांध्यावरचा ताण उतरतो व खरा प्ले हाताला लागतो.

६. बुश तपासणे. रबराच्या पृष्ठभागावरील बारीक तडे हे वयाचे चिन्ह असून तेवढ्यावरून बुश बाद ठरत नाही. पहारीने हलविल्यावर रबर धातूपासून सुटलेले दिसले किंवा आतली नळी एका बाजूला सरकलेली आढळली तर बुश बदलणे भाग आहे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाणे हे त्याचे बाह्य लक्षण असते. अर्थात तेव्हा ब्रेकही तपासावेत.

भाग बदलताना

शॉकअप, स्प्रिंग व स्ट्रट माउंटिंग हे भाग नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदलावेत. एक बाजू ताठ व दुसरी सैल राहिल्यास ब्रेक लावताना आणि वळताना गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. बॉल जॉइंट मात्र एकाच बाजूचा झिजला असेल तर एकच बदलण्यास हरकत नाही. अनेक गाड्यांत तो लोअर आर्मसोबतच येतो. तेव्हा आर्म बदलणे हे अनेकदा वेळेच्या दृष्टीने परवडते.

किनाऱ्यावरील गाड्यांत गंजलेले बोल्ट ही खरी अडचण असते. आदल्या दिवशी गंज सोडविणारे तेल मारून ठेवावे, तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि मगच पाना लावावा. ब्रेकचा कॅलिपर सोडविल्यास तो रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा.

स्ट्रट उघडताना सर्वाधिक दक्षता घ्यावी लागते. वरचा मधला नट म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगला रोखून धरणारे कुलूप होय. उदाहरणादाखल, दर मिलिमीटरला २० न्यूटन ताठरता असलेली स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबलेली असेल, तर तीत सुमारे २२५ जूल ऊर्जा साठलेली असते. म्हणजे २३ किलोग्रॅमची वस्तू एक मीटर उंचीवरून पडावी एवढी. स्प्रिंग-कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग वरच्या वाटीत सैल झाल्याची खात्री केल्याशिवाय हा नट उघडणे जीवघेणे ठरू शकते. ज्यांच्याकडे हे साधन नाही त्यांनी हे काम कार्यशाळेतच करून घ्यावे.

आणखी एका मुद्द्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. रबरी बुशच्या आतली नळी बोल्टने आवळली की ती फिरत नाही. आर्म वरखाली होताना पीळ बसतो तो रबरालाच. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश अल्पावधीत फाटतो. म्हणून हे बोल्ट आधी हलके बसवावेत, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळावेत. ‘नवीन बुश टिकत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा सुट्या भागाची प्रत नसून ही चूक असते.

किंग पिन बदलताना नवे बुश रीमर फिरवून मापात आणावे लागतात. पिन फार घट्ट बसली तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि सैल बसली तर जुनाच दोष नव्याने सुरू होतो. हे कौशल्य असलेले कारागीर आता कमी होत चालले आहेत. कॉटर पिन व स्वतः घट्ट बसणारे नट पुन्हा वापरू नयेत. काम पूर्ण झाल्यावर अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. ते दुरुस्तीच्या आधी करणे मात्र व्यर्थ होय, कारण सैल सांध्यांवर केलेले मोजमाप पुढच्या खड्ड्यापर्यंतच खरे असते.

दुरुस्तीची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यापुढे गाडी योग्य स्थितीत असल्यास पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील मोटारीसाठी ते दहा हजार रुपये करण्यात आले. जुनी गाडी राखणे आता खर्चिक आहे, त्यामुळे दुरुस्ती करावी की गाडी भंगारात काढावी हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर सुट्या भागांच्या किमतीत नाही. ते बॉडीच्या स्थितीत आहे. बुश, बॉल जॉइंट, शॉकअप, स्प्रिंग हे सारे बदलता येतात. पण स्ट्रट ज्या पत्र्याच्या बुरुजाला जोडलेला असतो तो बुरूज किंवा लोअर आर्म ज्या क्रॉस-मेंबरला अडकतो तो भाग गंजाने पोखरला असेल, तर नवे भाग बसवूनही गाडी सुरक्षित होत नाही. म्हणून खर्चाचा अंदाज घेण्यापूर्वी या जागा खरवडून, टोचून पाहाव्यात. पत्रा शाबूत असेल तर दुरुस्ती सार्थ आहे. पत्राच गेला असेल आणि तो योग्य रीतीने बदलून जोडणे शक्य नसेल, तर गाडीशी कितीही ममत्व असले तरी तिला निरोप देणे हेच शहाणपणाचे.

निष्कर्ष

१. पुढील सस्पेन्शनमधील प्रत्येक दोषाचे खापर शॉकअपवर फोडणे अशास्त्रीय आहे. उंची, प्ले, रबर व तेलगळती यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक आहे.

२. गाडीचे वजन कोणत्या मार्गाने चाकापर्यंत जाते हे समजल्याशिवाय जॅक कोठे लावावा हे ठरत नाही, आणि जॅक चुकीच्या जागी लावल्यास झिजलेला सांधाही निर्दोष भासतो.

३. नंदाखालसारख्या किनारी गावांत गंज हा झिजेइतकाच महत्त्वाचा घटक आहे. रबरी टोप्या, स्प्रिंगच्या वाट्या आणि बॉडीचे सांधे यांची पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी व्हावी.

४. रबरी बुशचे बोल्ट वजन चाकांवर असताना आवळणे, स्प्रिंग दाबूनच स्ट्रट उघडणे आणि शेवटी अलाइनमेंट करणे या तीन नियमांवर दुरुस्तीचे यश अवलंबून आहे.

५. बॉल जॉइंट अथवा किंग पिन यांत स्पष्ट प्ले आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. इतर दोष काही काळ सहन करता येतील, हा नाही.